ऋतू निवडणारी कात्री

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीवर पट्टी ठेवून नकाशावर सरळ पूर्वेला रेघ ओढली, तर ती छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडून जाऊन जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात पोचते. टेंभुर्णी या रेघेला अगदी लागून आहे. (पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी वेगळी. तिच्याकडेही या प्रकरणात एकदा जायचे आहे.) दिंडोरी आणि टेंभुर्णी दोन्ही विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेला. दोन्हींच्या पायाखाली तोच बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन्हीकडे पाऊस जून ते सप्टेंबर आणि थंडी दोन-अडीच महिन्यांची. तरीही दिंडोरीच्या द्राक्षांची वाइन देशभर जाते आणि वाइनच्या कुठल्याही नकाशावर टेंभुर्णीचे नाव नाही. इथे कापूस, सोयाबीन, मका आणि मोसंबी यांचा मुलूख आहे.

एकाच अक्षांशावरच्या या दोन ठिकाणांत नेमके काय वेगळे आहे, असे विचारले की वाइनच्या गुणांचा सगळा प्रश्न उलगडायला घेता येतो. द्राक्षाची जात, बागेची जमीन आणि त्या त्या सालाचे हवामान या तीन गोष्टींवर चांगली वाइन उभी असते, असे युरोपातली पुस्तके सांगतात. ते खरेच आहे. महाराष्ट्रात मात्र या तिघांच्या जोडीला चौथी गोष्ट येते, आणि ती शेतकऱ्याच्या हातात असते: छाटणीची तारीख.

आधी द्राक्षाच्या मण्यापासून सुरुवात करू. वाइनचे जवळजवळ सगळे साहित्य त्या एका मण्यात असते. गरात साखर आणि आम्ल, सालीत रंग आणि सुगंधाची बरीचशी द्रव्ये, बियांत आणि सालीत तुरट टॅनिन. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा रंगहीन असतो. रेड वाइन लाल होते ती साली रसाबरोबर आंबवल्या जातात म्हणून. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल तयार करते. रसातली साखर २४ ब्रिक्स, म्हणजे वजनाने साधारण २४ टक्के, असेल तर वाइनमध्ये अल्कोहोल साधारण साडेतेरा टक्के येते. पण साखर हा या हिशेबाचा सोपा भाग आहे. वाइन जिभेवर ताजी, जिवंत वाटते ती आम्लामुळे, आणि द्राक्ष पिकताना साखर चढत असते तेव्हाच आम्ल उतरत असते. दोन्हींचा मेळ कुठल्या दिवशी बसतो ते ओळखून त्या दिवशी तोडणी करणे हे बागेतले सर्वांत नाजूक काम.

आपण बाजारातून आणतो त्या खाण्याच्या द्राक्षाची गरज वेगळी असते. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जातींचे मणी मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे हवे असतात. त्यासाठी घडांची विरळणी करायची, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) पाण्यात घड बुडवायचे, मणी फुगवायचा. साखर १६ ते १८ ब्रिक्सला आली की तोडणी सुरू. वाइनच्या द्राक्षाला हे सगळे मारक आहे. तिथे मणी लहान, जाड सालीचा, बियांसकट हवा. मणी जेवढा लहान तेवढे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त, आणि चव-रंग-सुगंध तर सालीतच. म्हणून खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या बागाईतदाराला वाइनच्या बागेत चार-पाच टनांवर थांबावे लागते. उत्पादन वाढवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला अर्धे घड कापून टाकायला सांगणे सोपे नाही. वाइनकडे वळलेल्या द्राक्षबागाईतदारांना पहिला धडा हाच शिकावा लागला.

आता जात. काबर्ने सोव्हिन्यों या जगप्रसिद्ध काळ्या जातीचे मायबाप कोण हे १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात डीएनए तपासून कळले. एक काबर्ने फ्रँक, ही काळी; दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ, ही पांढरी. तिघींमध्ये मेथॉक्सीपायराझिन नावाचे द्रव्य असते आणि त्याला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. द्राक्ष पिकत जाते, घडांवर ऊन पडते, तसे हे द्रव्य कमी होते. म्हणजे काबर्नेच्या वाइनमध्ये ढोबळी मिरची ठळक जाणवली, तर द्राक्ष पुरते पिकले नव्हते किंवा पानांच्या दाटीत घडांना ऊन मिळाले नव्हते, असे घरबसल्या सांगता येते. शिराझ जातीचा काळ्या मिरीसारखा वास रोटंडोन या द्रव्याचा. वाइनमधला हा वास त्याच द्रव्याचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. तेच द्रव्य खऱ्या मिरीतही असते. मस्कत जातींचा फुलांसारखा सुगंध टर्पीन गटातल्या द्रव्यांचा, आणि गुलाबातही तीच असतात. तेव्हा वाइन चाखणारे मिरी, गुलाब, ढोबळी मिरची अशी नावे घेतात ती नुसती कविकल्पना नसते. त्यांतल्या बऱ्याच नावांमागे एकेक रेणू असतो.

पण जात म्हणजे केवळ शक्यता. देवगडच्या हापूसचे कलम मराठवाड्यात लावले तर झाड हापूसचेच येईल, फळात देवगड येणार नाही. द्राक्षाच्या बाबतीत ही गोष्ट फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताने जगाला पटवून दिली. तिथे रेड वाइन जवळजवळ सगळी पिनो न्वार या एकाच जातीची. तरी एका बांधापलीकडची वाइन वेगळी, तिची किंमत वेगळी. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मध्ययुगात हे तुकडे लावले, जोपासले आणि त्यांच्या सीमा पक्क्या केल्या. क्लो द वूजो ही त्यांची दगडी भिंतीतली बाग सुमारे पन्नास हेक्टरांची आहे आणि आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. उताराच्या वरच्या अंगाला पाणी झटकन निथळते, खालच्या अंगाला साचते. त्यामुळे एकाच भिंतीच्या आतली वाइनही एकसारखी नसते. बर्गंडीतल्या या तुकड्यांना युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जमिनीबद्दल एक गोड गैरसमज आहे. वेल दगडातली चव शोषते आणि ती वाइनमध्ये उतरते, असे बाटल्यांवरही लिहिलेले असते. वनस्पतिशास्त्राला हे मान्य नाही. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार घेतात, दगडाचा स्वाद घेत नाहीत. बोर्डोचे संशोधक जेरार सेगँ यांनी तिथल्या नामांकित बागांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मेदोक भागातली जमीन गोट्यांची, पोमरोलमधल्या पेत्र्यूस बागेत चिकणमाती, आणि दोन्हीकडे असामान्य वाइन. मग दोन्हींत समान काय? समान होती पाण्याची शिस्त. पाऊस पडला की जादा पाणी मुळांशी साचून राहत नाही आणि कोरड्या दिवसांत वेल अगदी तहानून मरतही नाही. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या, सुमाराला वेलीला किंचित ताण बसला की ती नवी पालवी फोडणे थांबवते आणि आपली सगळी शक्ती घडाकडे वळवते.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. खोल काळ्या जमिनीत पाणी धरून राहते, वेल माजते, काडी जाड होते आणि घड हलका पडतो. मुरमाड, उताराची जमीन कापसाला आणि गव्हाला दुय्यम, पण वाइनच्या द्राक्षाला तीच मोलाची. जाफराबाद तालुक्यात पूर्णा आणि केळना नद्यांच्या काठांपासून दूर सरकत माळाकडे गेले की अशी हलकी जमीन भेटते. गावात ज्या तुकड्याला कोणी भाव देत नाही त्याला इथे पहिली पसंती मिळावी, हे मला या विषयातले सर्वांत आनंदाचे शास्त्र वाटते.

राहिले साल. युरोपात बाटलीवरचे वर्ष म्हणजे आभाळाने त्या वर्षी काय दिले याची नोंद. २००३ साली उष्णतेच्या लाटेने बर्गंडीत तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. वाइन भरदार आल्या, पण अनेकींत आम्ल कमी पडले. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर दहिवर गोठले, कोवळी फूट करपली आणि कित्येक बागांत पीकच थोडके हाती आले. तिथला बागाईतदार वसंतात फूट येण्याची वाट पाहतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी करतो, आणि या दोन टोकांमध्ये जे घडेल ते सोसतो. शँपेनच्या थंड, लहरी हवेत तर एका सालावर भिस्त ठेवणेच अवघड, म्हणून तिथे अनेक वर्षांच्या साठवलेल्या वाइन एकत्र करण्याची रीत पडली आणि त्या बाटलीवर सालच नसते.

आपल्याकडे वेल झोपत नाही. तिला निजवायला पुरेशी थंडीच पडत नाही. चौदाव्या शतकात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादेत पाहिलेली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. दौलताबाद टेंभुर्णीपासून फार लांब नाही. त्याला जे नवल वाटले तोच आजच्या महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचा पाया आहे. वेल वर्षातून दोनदा फुटू शकते, तर तिच्याकडून एकदाच, पण आपल्याला हव्या त्या वेळी फळ घ्यायचे. त्यासाठी दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी: मागची काडी काढून टाकायची आणि कडक उन्हात नवी काडी तयार होऊ द्यायची. याच काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म जडणघडण छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत होते. मग पावसाळा सरत आला की फळछाटणी, बागाईतदारांच्या तोंडची गोडी छाटणी. तिथून जातीनुसार साडेचार-पाच महिन्यांत तोडणी.

यातून एक गोष्ट निघते, आणि या प्रकरणात मला तीच ठासून सांगायची आहे. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यातून थंडीकडे जाताना पिकते. रात्री गार होत जातात, आम्ल टिकते, सुगंध सावकाश जमतो. महाराष्ट्रात ते हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे जाताना पिकते. फेब्रुवारी सरतो तशी रोजची ऊब वाढते, साखर पळत सुटते आणि आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, उष्ण हवेत भराभर खर्च होते. सालीतला रंग आणि टॅनिन अजून कच्चे असतानाच साखर तयार झालेली असते. मार्च उजाडायच्या आत घड उतरवायचा असेल तर छाटणी सप्टेंबरात हवी. पण सप्टेंबरात पाऊस संपलेला नसतो. कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस कोसळला की केवड्याचा रोग पानावर बसतो, ढगाळ हवेत घड जिरतात, फुलोऱ्यात गळ होते. छाटणी ऑक्टोबरात ढकलली तर ही भीती कमी, आणि पिकणी मात्र उन्हाच्या तोंडी.

म्हणजे फ्रान्समध्ये साल जे येते ते येते. इथे शेतकरी आपल्या द्राक्षाला कुठला ऋतू द्यायचा ते कात्री हातात घेऊन ठरवतो. शेजारच्या दोन बागांत तीच जात, तीच माती असेल आणि छाटणीत तीन आठवड्यांचे अंतर असेल, तर वाइन वेगळ्या होतील. आपल्याकडच्या वाइनच्या चर्चेत जमिनीचे आणि जातीचे नाव निघते, तारखेचे निघत नाही. माझ्या मते बाटलीवर छाटणीचा आठवडा छापला तर सालाच्या आकड्याइतकीच माहिती त्यातून मिळेल. सालाचा आकडासुद्धा इथे निराळा वाचावा लागतो: २०२४ लिहिलेल्या भारतीय वाइनची तोडणी त्या वर्षाच्या सुरुवातीला झालेली असते आणि तिचा हंगाम २०२३च्या पावसाच्या शेपटाला सुरू झालेला असतो. फ्रान्सची २०२४ तिच्याहून अर्ध्या वर्षाने लहान.

कात्री ऋतू निवडते, पण आभाळावर तिची सत्ता नाही. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाचा पाऊस, २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेला पाऊस, फेब्रुवारी-मार्च २०१४ची मराठवाड्यासह राज्य झोडपणारी गारपीट, ही साले बागाईतदारांना तोंडपाठ आहेत. गारपिटीने एका दुपारी बाग संपते. तिथे चांगले साल आणि वाईट साल हे चवीचे शब्द उरत नाहीत.

नाशिककडे पुन्हा पाहू. तिथला उद्योग अचानक उगवला नाही. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फसफसणारी वाइन बनवून ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली होती. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत १९९७ साली सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ लावली, आणि त्यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. पुढे २००८च्या मंदीत मागणी कोसळली, करार असूनही माल उचलला गेला नाही आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली मुळासकट काढून पुन्हा थॉमसन लावली. या उद्योगाचा इतिहास सांगताना हे पान वगळू नये. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षासारखे कुठल्याही बाजार समितीत विकता येत नाही. घेणारा एकच असतो आणि तो हटला की माल कोणाचाच नसतो.

मग नाशिक का टिकले? सह्याद्रीजवळची उंची, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचा गारठा (निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांखाली जातो), उताराच्या जमिनी, हे सगळे खरे. पण मला वाटते, दिंडोरी आणि टेंभुर्णी यांच्यातला मोठा फरक मातीचा नाही, पाण्याचा आहे. गंगापूर, पालखेड, वाघाड या धरणांनी नाशिकच्या बागाईतदाराला एप्रिल-मेच्या उन्हातही पाण्याची खात्री दिली. खरड छाटणीनंतर काडी घडवायला पाणी लागते आणि ते नेमके वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांत लागते. शिवाय मुंबई हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाटलीला गिऱ्हाईक आणि बागेला पाहुणे दोन्ही मिळाले.

जालन्याने हे पाणी कसे मिळवले ते कडवंचीत दिसते. जालना तालुक्यातल्या या गावात १९९०च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. समतल चर, बांध, नाल्यांवरचे उपचार, आणि नंतर घरोघर प्लास्टिक अंथरलेली शेततळी. आज हे गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. २०१२-१३च्या भीषण दुष्काळात जिल्हा टँकरवर जगत होता, तेव्हाही शेततळ्यांच्या आधाराने इथल्या बागा तगल्या. या बागा खाण्याच्या द्राक्षाच्या आहेत. पण वाइनच्या दृष्टीने त्यांनी अर्धा प्रश्न सोडवून ठेवला आहे. शेततळ्यातले पाणी ठिबकने मोजून देणारा शेतकरी वेलीला ठरवून ताण देऊ शकतो. सेगँना बोर्डोत जी शिस्त निसर्गाकडून मिळालेली दिसली, ती इथे नळीच्या तोटीने आणता येते.

टेंभुर्णीच्या माळावर काय पिकेल याचा अंदाज बांधताना मला नाशिकपेक्षा अकलूजचा आधार घ्यावासा वाटतो. सोलापूर जिल्ह्यातले अकलूज हे त्या दुसऱ्या टेंभुर्णीच्या शेजारचे. तिथे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी उभी केली. इटलीचे पिएरो मासी यांनी तिथल्या उष्ण, कोरड्या हवेत इटलीची सांजोवेझे जात लावून नाव मिळवणारी वाइन केली. कोरड्या हवेचा एक लाभ असतो: रोग कमी, आणि निरभ्र आभाळामुळे हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत. रात्र गार झाली की वेलीचा श्वास मंदावतो आणि आम्ल वाचते. जाफराबादकडचा हिवाळा असाच, कोरडा आणि स्वच्छ. पांढऱ्यांत उष्णतेतही आम्ल धरून ठेवणारी शेनँ ब्लाँ, काळ्यांत शिराझ आणि स्पेनची तेम्प्रानियो, एवढ्यांवर मी भरवसा ठेवीन. पिनो न्वारला इथे जागा नाही. तिची साल पातळ आणि ऊन तिला सोसत नाही.

खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचे कलम करतात त्यांचा, विचारही वेगळा करावा लागेल. खाण्याच्या द्राक्षासाठी महाराष्ट्रभर डॉगरिज हा खुंट पसरला, कारण तो क्षार आणि पाण्याची टंचाई सोसतो. पण तो वेलीला जोमदार करतो आणि पालाशही भरपूर उचलतो. रसात पालाश वाढले की आम्लाची धार बोथट होते आणि वाइन सपक लागते. म्हणून वाइनच्या जातींसाठी ११० आर सारखे खुंट पुढे आले. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या विषयावर काम झाले आहे.

कोणी टेंभुर्णीत हे करून पाहणार असेल तर सुरुवात एकराने नको. मुरमाड उतारावर दहा गुंठे पुरे. दोन जाती, एकच खुंट, आणि प्रत्येक जातीच्या तीन ओळींना तीन तारखांची गोडी छाटणी: सप्टेंबरचा पहिला आठवडा, सप्टेंबरचा शेवट, ऑक्टोबरचा मध्य. मण्यात पाणी उतरल्यापासून आठवड्यातून दोनदा साखर, आम्ल आणि सामू मोजायचे आणि रात्रीचे किमान तापमान रोज लिहून ठेवायचे. ओळीओळीचा रस वेगळा आंबवायचा, तोही थंड ठेवून. पांढऱ्या वाइनचा रस १८ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर जपून आणलेला सुगंध टाकीतूनच उडून जाईल. पहिले धड पीक तिसऱ्या वर्षी येते. त्यापुढे निदान चार हंगाम, त्यांतला एक परतीच्या पावसाचा आणि एक कोरडा, हाताशी आले म्हणजे कुठली ओळ ठेवायची आणि कुठली काढायची ते ठरवता येईल.